मागे न घेतलेली फिर्याद

मला अटक झाली ती बाजारात, मेथीची जुडी निवडत असताना. मागून एक हवालदार म्हणाला, "मॅडम, साहेबांनी बोलावलंय, जरा चला." आम्ही नुकतीच एक तक्रार दिली होती आणि जबाब पुरे व्हायचे होते, त्यातलंच काही काम असेल असं मला वाटलं. मेथीवालीला म्हटलं, "बाजूला ठेव गं, आलेच." त्यानंतर त्या बाजारात पाय ठेवायला मला कित्येक वर्षं लागली.

मी मूळची जुन्नर तालुक्यातली, पिंपरी पेंढारची. घरी कांदा, बाजरी, थोडी भाजी. पुण्याला शिकले आणि आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका गावात बालवाडी चालवायला गेले. वर्षभरासाठी म्हणून गेले ती राहिलेच. पोरांना गाणी शिकवता शिकवता त्यांच्या आयांच्या कामाला लागले. रेशन, दाखले, हिरड्याचा भाव, आणि सगळ्यात जास्त जमीन. नव्वदच्या दशकाची अखेर होती. धरणाने जुनं गाव पोटात घेऊन बरीच वर्षं झाली होती आणि माणसं वर, उतारावर सरकली होती. बहुतेक घरं महादेव कोळ्यांची, चार-पाच बौद्धांची. कोळ्यांची भातखाचरं बुडाली, त्याचा थोडाफार मोबदला तरी आला. बौद्धांच्या नावावर जमीनच नव्हती, म्हणून सरकारच्या लेखी त्यांचं काहीच बुडालं नाही.

उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की धरणाच्या कडेची गाळाची जमीन उघडी पडते. त्यावर भुईमूग, हरभरा छान येतो. ती जमीन कोळी आणि बौद्ध दोघांनी मिळून पेरायची, असं आमच्या संघटनेत ठरलं. सहज ठरलं नाही. एक मावशी होत्या, पन्नाशीच्या, बुडालेल्या गावातल्या मोठ्या खाचराच्या मालकीण. त्या बैठकीत उभ्या राहून म्हणाल्या, "बुडली आमची, आन वाटा ह्यांना? ह्यो कुठला न्याय?" दोन बैठका भांडल्या आणि मग कुरकुरत तयार झाल्या. त्यांच्या शेजारचा तुकडा एका बौद्ध जोडप्याला आला. नवरा माझ्याहून थोडा मोठा, मी त्याला भाऊ म्हणायचे. बायको माझ्याच वयाची, कमी बोलणारी. पुढे कोर्टात तिला सगळे 'फिर्यादी' म्हणायला लागले. नावं लिहायची नाहीत असं मी ठरवलंय, म्हणून इथेही तिला फिर्यादीच म्हणते.

खालच्या अंगाच्या एका मोठ्या बागायतदाराचं पाणी उपसायचं इंजिन त्याच गाळावर बसवलेलं होतं. सगळा पट्टा आपण भाड्याने घेतलाय, असं त्याचं म्हणणं. कागद कधी कुणाला दाखवला नाही. एका सकाळी तो माणसं घेऊन आला. कोळ्यांच्या तुकड्यांना त्याने हात लावला नाही, सरळ त्या जोडप्याच्या भुईमुगात शिरला. वेल उपटले, भाऊला काठीने झोडपलं, तिला केसाला धरून गाळात पाडलं, लाथा घातल्या. जातीवरून जे बोलले ते मी लिहीत नाही. मावशी शेजारीच खुरपत होत्या, हाकेच्या अंतरावर. त्यांनी सगळं पाहिलं.

मी त्या दोघांना घेऊन पोलिसांत गेले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बाकावर बसून राहिलो, तेव्हा तक्रार लिहून घेतली गेली. आणि आठवडाभरात बागायतदाराची उलटी तक्रार आली. आम्ही जमाव करून त्याचं इंजिन फोडलं, पाइप पळवले, त्याच्या माणसाच्या गळ्यातली साखळी ओढली. गुन्हा दरोड्याचा. दरोड्याला पाच माणसं लागतात, म्हणून नावं पाच. मी, भाऊ, मावशी आणि संघटनेतले दोन तरुण. फिर्यादीचं नाव मात्र त्यांनी घातलं नाही. ते का, हे मला नंतर कळलं. तिला बाहेर ठेवायचं होतं, कारण तक्रार मागे घ्यायला ती मोकळी हवी होती.

कोठडीतून आम्हाला मोठ्या जेलमध्ये नेलं. पुरुष एकीकडे, आम्ही दोघी बायकांच्या विभागात. बराक म्हणजे एक लांबडी खोली, दोन्ही बाजूंना घोंगड्यांच्या रांगा, टोकाला अर्ध्या भिंतीआड संडास. ऊन अजून भिंतीवर असायचं तेव्हाच गिनती करून दार लावून घ्यायचे. पहिल्या संध्याकाळी कडी पडली तेव्हा मावशी दारापाशी गेल्या, गजांवरून हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, हे आतून उघडायचं कुटून?"

"आतून नाही उघडत, मावशी."

"मंग कुनाला काय झालं तर?"

"हाक मारायची."

त्यांच्या घराला दार म्हणजे कुडाचा झाप. रात्रीतून दोनदा उठून गोठ्यात जाऊन यायची सवय असलेली ती बाई. अर्ध्या भिंतीआड त्या दोन दिवस गेल्या नाहीत, पोट धरून बसून राहिल्या. मिश्री आत नेऊ देत नव्हते, त्याने त्यांचं डोकं उठायचं. दिवसभर गजाशेजारी बसायच्या आणि झोपायच्याही बसूनच, भिंतीला पाठ लावून. आडवं झालं की छत खाली येतं म्हणायच्या.

माझं वेगळंच होतं. मी शिकलेली, भाषणं देणारी. पकडले गेलो तर घाबरायचं नाही, हे मीच बायकांना शिकवायचे. पहिला आठवडा मी त्याच जोरावर काढला. दुसऱ्यांचे अर्ज लिहून दिले, कच्च्या कैद्यांना वकील कसा मिळतो ते सांगितलं. मग हळूहळू जोर उतरला. सकाळी गिनती, चहा, पातळ डाळ, पुन्हा गिनती. शेजारच्या बाईच्या खोकल्यावरून वेळ कळायला लागली. तारीख पडायची, गाडी नसली की आम्हाला नेतच नसत, मग पुढची तारीख. खालच्या कोर्टाने जामीन नाकारला, जिल्ह्याच्या कोर्टानेही नाकारला. दारापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, एवढंच चालणं उरलं. त्या चालण्यात माझ्या लक्षात आलं की बराकीची लांबी माझ्या पायांनी धरून ठेवली आहे. डोळे मिटले तरी मी भिंतीच्या अलीकडे थांबत होते.

फिर्यादी दर आठवड्याला मुलाखतीला यायची. डोंगरातून एसटी, मग दुसरी एसटी, मग शहरातली बस. कडेवर धाकटी लेक. मुलाखतीला दोन जाळ्या आणि मध्ये हातभर मोकळी जागा, अलीकडे आम्ही, पलीकडे भेटणारे. सगळे एकदम बोलत, त्यामुळे ओरडावं लागे. एकदा ती आली ती जाळीला तोंड लावूनच बोलायला लागली.

"ताई, ते आले व्हते घरी. बागायतदाराचा मेव्हना आन अजून दोघं. म्हनले, कोर्टात जाऊन सांग, गैरसमजानं तक्रार दिली. तू तुझी मागं घे, आमी आमची घेतो. आठ दिसात समदी घरी."

"भाऊला सांगितलंस?"

"त्यांनाच आधी भेटून आले. ते म्हनले, घे."

मावशी माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या. "मंग घे की! वाट कुनाची बघतीस? माझी म्हस तिकडं गाभण हाय, भाताच्या आवण्या तोंडावर आल्यात. घे मागं आन सोडव आमाला!"

फिर्यादी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. "तुमी काय म्हन्ता, ताई?"

काय म्हणणार होते मी? तक्रार मागे घ्यायची नाही, एकदा घेतली की पुढच्या दहा जणींची तोंडं बंद होतात, हे मी तिच्याच ओसरीवर बसून तिला सांगितलं होतं. आता जाळी धरून उभी होते आणि 'घे' हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. मला आंघोळ करायची होती, दार लावून, एकटीने. मला आईच्या हातचं खायचं होतं. मी म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय व्हतंय? माझ्या एका बोलन्यावर पाच घरं अडकलीत."

घंटा झाली. तिच्या लेकीने जाळीत बोट अडकवलं होतं, ते सोडवून घेऊन ती गेली. पुढच्या आठवड्यात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वकीलसाहेबांनी निरोप आणला, "ती नाही म्हणाली. तक्रार कायम आहे."

मावशींनी ते ऐकलं आणि ज्या शिव्या दिल्या त्या त्यांच्या तोंडून मी कधी ऐकल्या नव्हत्या. म्हणाल्या, "ह्या लोकांसाठी आपुन मरायचं? जमिनीत वाटा बी ह्यांना आन जेल आमाला!" मी चिडून काहीतरी बोलले, त्यावर त्या मला बोलल्या. मग आमच्यात अबोला. एका बराकीत, एकमेकींच्या शेजारी घोंगड्या, ताटाला ताट लागून बसायचं आणि बोलायचं नाही. बाहेर भांडण झालं की माणूस उठून दुसरीकडे जातो. तिथे उठून जायला जागाच नव्हती. रात्री कुशीवर वळले की त्यांचा श्वास माझ्या तोंडावर यायचा.

त्यातच आण्णा, माझे वडील, भेटायला आले. एकदाच आले. टोपी हातात धरून जाळीपलीकडे उभे होते, कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. "तुझ्या आईनं चटणी दिली व्हती शेंगदान्याची. आत घेऊ देईनात." मग जरा वेळाने, "त्या बाईला सांग ना जरा. तुझं ऐकंल ती."

"आण्णा, तिला गाळात पाडून लाथा घातल्या."

"घातल्या ना. वंगाळच केलं. पर त्याची भरपाई तुझ्या जिवानं करायची का?"

आजही त्यांना देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही. ते गेले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले, आणि मावशींनी अबोला मोडला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाप हाय. येतं पोटातून." एवढंच. फिर्यादीबद्दलचा त्यांचा राग मात्र तसाच राहिला.

आम्ही चैत्रात आत गेलो होतो. आवण्या होऊन गेल्या, मावशींची म्हैस व्याली आणि पारडू मेल्याचं त्यांना मुलाखतीत कळलं. दिवाळीत कैद्यांना एकेक लाडू मिळाला. दिवाळीनंतर वरच्या कोर्टातून जामीन झाला. मावशींना घरी जाता येणार होतं. माझ्यासाठी मात्र अट होती. खटला संपेपर्यंत आंबेगाव तालुक्यात पाऊल टाकायचं नाही आणि आठवड्यातून एकदा जुन्नरकडच्या पोलिसांत हजेरी द्यायची. जामीन राहिला माझा सख्खा थोरला भाऊ, दादा. जेलच्या फाटकाबाहेर त्याने माझी पिशवी घेतली आणि म्हणाला, "आता झालं तेवढं बास. आईनं सांगितलंय, परत तिकडचं नाव काढायचं न्हाई." कोर्टाची अट आणि आईची अट एकच निघाली.

पिंपरी पेंढारला कुणी मला वाईट बोललं नाही. बोललेच नाहीत. बायका विहिरीवर माझ्यासमोर पावसापाण्याचं बोलायच्या, मी वळले की गप्प. स्थळं यायची बंद झाली, त्याचं मला फारसं काही नव्हतं, पण आई दर पाहुण्यासमोर माझं वय चोरायची, ते बघवत नसे. आमच्याकडे कांदा साठवायच्या चाळीलाही बराकच म्हणतात. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी आई सहज म्हणाली, "जरा बराकीत जाऊन दोन कांदं आन गं." मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि मला पाऊल उचलेना. ती पुन्हा म्हणाली, मग तिच्या लक्षात आलं. स्वतःच जाऊन कांदे घेऊन आली. त्यानंतर आमच्या घरात त्या जागेला 'शेड' म्हणायला लागले.

हजेरीला दादा मोटरसायकलवरून न्यायचा आणि आणायचा. कधी मधली बहीण आळ्याला तिच्या घरी घेऊन जायची, तेवढाच बदल. पण खरी कोंडी रस्त्याची होती. पुण्याला जायचा आमचा नेहमीचा रस्ता आळेफाट्यावरून नाशिक रस्त्याने, आणि तो आंबेगाव तालुक्यातूनच जातो. तारखेला पुण्याला कोर्टात तर जायचं, आणि वाटेत तालुका लागतो! वकिलांनी अर्ज केला, तेव्हा परवानगी मिळाली: गाडीतून जायचं, तालुक्याच्या हद्दीत उतरायचं नाही. मग वर्षानुवर्षं मी तशीच गेले. पेठला गाडी चहाला थांबली की सगळी गाडी रिकामी व्हायची आणि मी खिडकीशी बसलेली. कंडक्टर म्हणायचा, "ताई, उतरा की, पाय मोकळे करा." दादा खालून चहाचा ग्लास खिडकीतून वर द्यायचा.

एकदा मंचरच्या स्टँडवर मला फिर्यादी दिसली. डोक्यावर बोचकं, लेक आता तिच्या कमरेच्या वर आलेली. दोघी वरच्या गावांची गाडी कुठे लागते ते बघत होत्या. मी काच सरकवायला गेले, ती अडकली होती. हाताने थापा मारल्या. तिने इकडेतिकडे पाहिलं, वर पाहिलं नाही. उतरायला पायऱ्या तेवढ्या दोन होत्या. दादाने माझं मनगट धरलं, जोरात नाही, पण धरलं. "जामीन मी हाय," तो म्हणाला. गाडी निघाली.

दोन्ही खटले एकाच कोर्टात चालले, आमच्यावरचा आणि तिने केलेला. तिच्या खटल्यात खरी साक्षीदार एकच, मावशी. बाकी शेजारचे फिरले होते, कुणी काही पाहिलं नव्हतं. बागायतदाराची माणसं मावशींकडेही जाऊन आली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात त्या आणि फिर्यादी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. त्यांच्यात बोलणं नव्हतंच. जेलमधून सुटल्यापासून मावशी तिच्या वाटेने जात नव्हत्या. मला वाटलं, संपलं आता.

मावशींनी सरकारी वकिलाला जे पाहिलं ते सांगितलं. मग बागायतदाराचा वकील उठला.

"ही फिर्यादी तुमची मैत्रीण आहे. म्हणून तिच्या बाजूने खोटं सांगताय."

"माझी कुठली मैत्रीन? माझं तिच्याशी बोलनं बी न्हाई."

वकील थबकला. "का नाही?"

"तिच्यापायी मी आत गेले. माझं पारडू मेलं. तिनं मागं घेतली असती तर मी आवणीला घरी असते."

"म्हणजे तुमचा तिच्यावर राग आहे."

"हाय की. लई हाय." मावशींनी पदर खांद्यावर ओढला. "पर राग हाय म्हून डोळ्यांनी पाह्यलेलं न पाह्यलेलं व्हतं का, साहेब?"

न्यायाधीशांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. फिर्यादी बाहेर होती, तिला हे ऐकू गेलं नाही. मीच नंतर सांगितलं.

निकाल लागायला अजून दोन पावसाळे गेले. दरोड्यातून आम्ही पाचही जण सुटलो. इंजिन जागचं हललंच नव्हतं, हे त्यांच्याच साक्षीदाराच्या तोंडून निघालं. तिच्या खटल्यात मारहाण सिद्ध झाली. बागायतदाराच्या दोन गड्यांना थोडी शिक्षा लागली. जातिवाचक बोलल्याचं सिद्ध झालं नाही आणि बागायतदार स्वतः संशयाचा फायदा घेऊन घरी गेला. त्याच्या गड्यांपैकी एक कोर्टाबाहेर मटकन बसला आणि बराच वेळ तसाच बसून होता. त्याचं कुणीच आलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, तेवढा झाला नाही.

अट उठली, तरी मी लगेच गेले नाही. आई काही बोलली नाही, पण मीच आज-उद्या करत राहिले. शेवटी एकदा गेले. गाडीतून उतरले तेव्हा हद्दीचा दगड मागे राहिला आहे, हे आधी कळलं आणि मग गाव दिसलं. बालवाडीच्या जागी सरकारी अंगणवाडी झाली होती. माझ्या वेळची पोरं मोठी होऊन पुण्याकडे कामाला गेली होती. एका तरण्याने मला विचारलं, "पावणं कुणाकडचं?"

फिर्यादी गाळावर होती. पाणी उतरलं होतं आणि भुईमूग काढणीला आला होता. इंजिन तिथून बागायतदाराने केव्हाच हलवलं होतं. आम्ही दोघी बांधावर बसलो. तिने शेंगा पुढ्यात टाकल्या. मावशी काय बोलल्या ते मी सांगितलं तेव्हा ती खाली बघून शेंगा फोडत राहिली. मग मी विचारलं, बऱ्याच वर्षांचं.

"तेव्हा तुला कधी वाटलं नाही, की घ्यावी मागे?"

"रोज वाटायचं," ती म्हणाली. "रातच्याला झोपताना ठरवायचे, सकाळी जायाचं आन सांगून टाकायचं. घरात पीठ नसायचं, पोरी बापाला विचारायच्या. म्हून तर मुलाखतीला यायची बंद झाले, ताई. तुमचं तोंड पुन्यांदा पाह्यलं असतं तर घेतली असती."

"आणि मग का नाही घेतलीस?"

तिने हातातली टरफलं बांधाखाली टाकली. "त्यानं मला गाळात पाडलं तवा माझी थोरली तिथं उभी व्हती. तिनं पाह्यलं समदं. म्या गैरसमज म्हनलं असतं, तर तिनं काय समजायचं?"

ती तुरुंगाबाहेर एकटी कशी राहिली असेल, ते मी आत असताना एकदाही धड डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. भाऊ सुटून आल्यावर कितीतरी दिवस तिच्याशी बोलत नव्हता, हेही तिने त्याच दिवशी सांगितलं, शेजारचं सांगावं तसं.

तेवढ्यात पलीकडच्या तुकड्यातून मावशींचा आवाज आला. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण आवाज तोच. मला ओळखून त्या माझ्याकडे आल्या नाहीत, आधी बांधाशी आल्या. "बाई, बरं झालं आलीस. हिनं बांध माझ्याकडं हातभर सरकवलाय. बघ तूच."

"न्हाई सरकवला," फिर्यादी जागेवरूनच म्हणाली. "पान्यानं सरकलाय."

"पानी काय तुझ्या सोयीनं सरकतं व्हय?"

मी दोघींच्या मध्ये बांधावर उभी होते. दोघी माझ्याकडे बघत होत्या, मी काय सांगते म्हणून. बांध खरोखरच वाकडा दिसत होता, पण कुणाकडे ते मला काही सांगता येईना. मग मावशीच खाली बसल्या, फिर्यादीच्या पुढ्यातल्या ढिगातल्या मूठभर शेंगा उचलून घेतल्या आणि फोडत फोडत त्यांचं भांडण पुढे चालू राहिलं.